'सध्याच्या भूमिकेत समाधानी' : आमच्या मॅनेजर आणि एचआर मंडळींना एक खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

मंगळवारी दुपारी तुमचा मेल आला, सगळ्या युनिटला. वर फुगे, टाळ्यांचे इमोजी, आणि मोठ्या अक्षरात की यंदाचे 'करिअर संवाद' १०० टक्के पूर्ण, सर्व मॅनेजर्सचं मनापासून अभिनंदन. मी तेव्हा पँट्रीत डबा खात होते, टेबलावर आम्ही पाचजणी, पाचही फोन एकदम वाजले. सगळ्यांनी वाचलं, कोणी काही बोललं नाही, मग एकीने हळूच विचारलं, तुझा झाला का गं, कधी झाला?

माझा झाला म्हणे. पोर्टलवर हिरवी टिक आहे. तो संवाद असा झाला की माझे मॅनेजर एअरपोर्टला निघाले होते, कॅबमधून कॉल, कॅमेरा बंद, ऐरोलीच्या पुलावर आवाज तुटत होता. ११ मिनिटं. त्यातली पहिली सहा रिलीजमधल्या ओपन डिफेक्टवर गेली, मग "हां, ते करिअरचं पण करून टाकू, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतेस?" मी म्हटलं मला परफॉर्मन्स टेस्टिंगमध्ये (एकदम खूप लोक आले तर सिस्टीम टिकते का, ते तपासण्याचं काम) जायचंय, दोन वर्षं झाली सांगतेय. तर "ग्रेट ग्रेट, पोर्टलवर टाक, मी अप्रूव्ह करतो." आणि फोन कट.

पोर्टलवर टाकायला गेले तर तिथे तीनच पर्याय. लीडरशिप, टेक्निकल डेप्थ, आणि सध्याच्या भूमिकेत समाधानी. कमेंट लिहायला जागाच नाही. म्हटलं असं कसं भरायचं, रिकामं ठेवू, कोणीतरी विचारेल का भरलं नाहीस म्हणून. कोणी विचारलं नाही. सात दिवसांनी सिस्टीमने आपणहून 'सध्याच्या भूमिकेत समाधानी' निवडलं आणि फॉर्म बंद केला. यंदापासून असाच नियम केलाय म्हणे, पेंडिंग राहू नये म्हणून.

म्हणजे मी समाधानी आहे हे मला कॉम्प्युटरने सांगितलं.

याची तक्रार मी आधी आतच केली होती. हेल्पडेस्कवर तिकीट टाकलं, नंबर आला, दोन दिवसांनी 'रिझॉल्व्ह्ड' असा मेल आला, काय रिझॉल्व्ह केलं ते देवाला ठाऊक. म्हणून आता इथे लिहितेय. कंपनीचं नाव घेत नाही, कारण ठाणे-बेलापूर रोडवर दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत दोन्ही बाजूंना बघा, कुठल्याही काचेच्या बिल्डिंगमध्ये असंच चालू असणार, आणि वाचणाऱ्याला आपलीच कंपनी वाटली तर त्यात माझी चूक नाही.

मी कोण ते सांगते. कळव्याला राहते, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये १४ वर्षं, त्यातली ९ तुमच्याकडे. पावसात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं की ठाण्याला जाऊन ट्रान्स हार्बर पकडून येते पण रिलीजच्या दिवशी गैरहजर राहिलेली नाही. टेस्ट लीड आहे, हाताखाली सात जण. म्हणजे तुमच्या त्या अभिनंदनात माझाही वाटा आहे, सात फॉर्म मीच 'पूर्ण' केलेत. त्याबद्दल पुढे सांगते, ते सांगितल्याशिवाय हे पत्र लिहायचा मला हक्क नाही.

त्याआधी बाबांची गोष्ट. बाबा वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले. एमआयडीसी १९६२ सालची, आणि वागळे इस्टेट तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी, तेव्हा ठाण्यातल्या निम्म्या घरांतून कोणी ना कोणी तिकडे भोंग्यावर जायचं. बाबांचा फोरमन म्हणजे तोंडाने फटकळ माणूस. एक दिवस चहाच्या सुट्टीत बाबांना म्हणाला, तू बॉयलरपाशी उगाच घुटमळत असतोस, गेज बघत बसतोस, मी बघतो रोज, मग सेकंड क्लास बॉयलर अटेंडंटची परीक्षा का देत नाहीस? बाबा म्हणाले शिफ्टमुळे अभ्यास होत नाही. फोरमनने चार महिने त्यांना फर्स्ट शिफ्ट लावून दिली, दुसऱ्याशी अदलाबदल करून, आणि दर पंधरा दिवसांनी विचारायचा, किती झालं. बाबा पास झाले, पगार वाढला, आम्ही चाळीतून फ्लॅटमध्ये आलो. त्या फोरमनला एचआर हा शब्द माहीत नव्हता. पण त्याने काय केलं बघा ना, आधी बघितलं की माणसाचा जीव कशात आहे, मग अडचण विचारली, मग स्वतःच्या हातात होतं ते दिलं, आणि मग विसरला नाही. एवढंच असतं हो करिअर संवाद म्हणजे, त्याला पोर्टल लागत नाही.

आता माझी चूक. माझ्या टीममध्ये एक पोरगा होता, बदलापूरहून यायचा, शांत, काम वेळेवर, तक्रार शून्य. मागच्या वर्षी त्याचा फॉर्म मी शुक्रवारी संध्याकाळी घाईत भरला, त्याला चॅटवर विचारलं "सगळं ठीक ना?" तो म्हणाला "हो ताई". झाला संवाद. चार महिन्यांनी त्याने पेपर टाकला, म्हणजे राजीनामा दिला. शेवटच्या आठवड्यात टपरीवर चहा पिताना सहज कळलं की रोज सकाळी मी जो डिफेक्टचा रिपोर्ट उघडते, रंगीत, टीमवाइज, ज्याने माझी अर्धा-पाऊण तास हमाली वाचते, तो त्याने बनवलाय. रविवारी घरी बसून पायथन शिकून. मला वाटायचं टूल्स टीमने दिलाय. दीड वर्ष मी तो रिपोर्ट वापरत होते आणि त्याला डेटाच्या कामात जायचंय हे मला माहीत नव्हतं. आपल्याच बिल्डिंगमध्ये वर डेटाची टीम आहे, तिथे जागाही होत्या. तो गेला पुण्याला.

गंमत म्हणजे त्याचा एक्झिट इंटरव्ह्यू तासभर चालला. तासभर! जाणाऱ्या माणसाला आपण एवढं खोदून विचारतो की काय आवडलं नाही, काय करायला हवं होतं, आणि जो रोज येऊन बसतो त्याच्यासाठी ११ मिनिटं, तीही कॅबमधून. लोक राहिलेले असतानाच हे प्रश्न विचारायचे, त्याला स्टे इंटरव्ह्यू म्हणतात, हे एचआरच्याच एका ट्रेनिंगमध्ये मी ऐकलंय. स्लाइड होती त्याची, छान होती.

तर माझ्या, आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणांच्या तक्रारी सांगते, क्रम मागेपुढे होईल.

पहिली अर्थातच ते आपोआप समाधानी करणं. ज्याने उत्तर दिलं नाही त्याचं उत्तर 'नाही दिलं' असंच राहू द्या ना. टेस्टिंगमध्ये आम्ही न चालवलेल्या टेस्टकेसला पास लिहिलं तर तुम्ही आमची नोकरी घ्याल, आणि इथे तुम्ही नेमकं तेच करून वर फुगे लावलेत.

दुसरी, अप्रेझल आणि करिअर एकाच कॉलमध्ये कोंबणं. ज्या कॉलच्या शेवटी माणसाला रेटिंग आणि हाइक कळणार आहे त्यात तो खरं कशाला बोलेल? मला अमुक जमत नाही, मला हे काम कंटाळवाणं वाटतं, मला दुसऱ्या टीममध्ये जायचंय, हे तो बोलला की बेल कर्व्हमध्ये (टीममधल्या ठरावीक लोकांना खालचं रेटिंग द्यायचंच, ही पद्धत) खाली ढकलायला कारण मिळालं. म्हणून सगळे 'ऑल गुड' म्हणतात. ॲडोबीने २०१२ मध्ये वार्षिक रेटिंगच काढून टाकलं आणि वर्षभर अधूनमधून बोलायची पद्धत आणली, मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये लोकांना एकमेकांविरुद्ध रँक लावायचं बंद केलं. आपल्याकडे आजही सगळ्यांची रेटिंग जुळवायच्या, म्हणजे नॉर्मलायझेशनच्या मीटिंगमध्ये 'तुझ्या टीममधला एक खाली घे' चालतं. तेवढं सगळं उद्याच बदला असं मी म्हणत नाही, पण निदान या दोन गोष्टींमध्ये दोन-तीन महिन्यांचं अंतर ठेवा.

तिसरी बायकांची. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कंटाळा आला तर खाली जा. २०१७ मध्ये कायदा बदलून बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे झाली, चांगलंच झालं, मला मिळाली, कंपनीने एक दिवस कमी केला नाही. पण परत आले तेव्हा माझं मोठ्या क्लायंटचं काम दुसऱ्याकडे गेलेलं आणि मला मेंटेनन्सवर टाकलेलं. का, तर "तुला घरी बाळ आहे, म्हटलं सध्या हलकं बरं." भलं चिंतूनच केलं होतं, मी नाही म्हणत नाही. पण मला विचारलं कुठे? माझी आई घरी होती, मुलगी व्यवस्थित होती, मला तेव्हा उलट डोक्याला चालना देणारं काम हवं होतं. दुसऱ्या एकीला खरंच हलकं हवं होतं तर तिला नाइट रिलीज दिले, कारण तिने मागितलं नाही. दोघींनाही एक प्रश्न विचारला असता तर काम भागलं असतं, पुढचे सहा महिने तुला कसे हवेत? आणि ते सहा महिने संपले की परत विचारायचं. ते 'सध्या हलकं' माझ्या बाबतीत तीन वर्षं चाललं, सध्या म्हणजे नेमकं किती दिवस ते कोणी ठरवलंच नव्हतं.

चौथी, तुमच्या शिडीला एकच बाजू आहे. चांगला टेस्टर असेल तर त्याला लीड करा, लीड चांगला असेल तर मॅनेजर. मग त्याला माणसं सांभाळता येतात का, त्याला ती सांभाळायची आहेत का, हे कोणी बघत नाही कारण बँड (पगाराची श्रेणी) वाढायचा दुसरा रस्ताच ठेवलेला नाही. आमच्याकडे एक जण आहे, सिलेनियम या आपोआप टेस्ट चालवणाऱ्या टूलचा असा फ्रेमवर्क बांधलाय त्याने की तीन प्रोजेक्ट त्यावर चालतात, त्याला लीड केला, आता तो दिवसभर लोकांच्या रजा अप्रूव्ह करतो आणि तोंड पाडून बसतो. आणि याच्या उलट, कोणाला पुढची पाच वर्षं आहे तिथेच नीट काम करायचं असेल, घरी आजारी आईवडील आहेत किंवा नुसतंच आवडतं म्हणून, तर त्याला महत्त्वाकांक्षा नाही असा शिक्का. 'सध्याच्या भूमिकेत समाधानी' हे कोणी स्वतःहून म्हणालं तर त्यालाही मान द्या की.

पाचवी सगळ्यात मोठी आहे आणि ती मॅनेजरच्या बाजूने आहे. मॅनेजरने अगदी मनापासून संवाद केला, कळलं की पोरीला दुसऱ्या टीममध्ये जायचंय, पुढे काय? आयजेपीवर, म्हणजे कंपनीतल्याच दुसऱ्या जागेसाठी तिने अर्ज केला, निवड झाली, आणि टीममधून रिलीज कोण देणार, तोच मॅनेजर. त्याने सोडलं तर त्या माणसामागे क्लायंटकडून मिळणारे पैसे, म्हणजे त्याचं बिलिंग जाणार, बदली माणूस तीन महिने मिळणार नाही, क्लायंट त्याच्या डोक्यावर बसणार. तो कशाला सोडेल? म्हणून तो विचारतच नाही. मला आज हे नीट समजतंय कारण त्या पोराला मी का विचारलं नाही याचं खरं उत्तर घाई हे नाहीये. मनात कुठेतरी मला माहीत होतं की तो काहीतरी मागेल आणि मला द्यायला काही नसेल. न विचारलेलं बरं. तुम्ही आम्हाला दोन तासांचं ई-लर्निंग देता, सहानुभूतीने कसं ऐकावं वगैरे, आम्ही नेक्स्ट नेक्स्ट करून सर्टिफिकेट घेतो, पण ऐकून झाल्यावर करायचं काय त्याचा अधिकार देत नाही. फोरमनच्या हातात निदान शिफ्ट तरी होती.

आणि टाइमशीट. आपल्याकडे प्रत्येक अर्ध्या तासाला कोड लागतो. क्लायंट कॉलला कोड आहे, ट्रेनिंगला आहे, फायर ड्रिलला सुद्धा आहे. टीममधल्या माणसाशी त्याच्या भवितव्याबद्दल बोलायला कोड नाही. मग तो वेळ कुठून येतो, तर जेवणातून, नाहीतर कॅबमधून. माझ्या मॅनेजरकडे १६ जण आहेत आणि स्वतःची डिलिव्हरी वेगळी, त्यांच्यावर माझा राग नाहीये, त्यांना हे पत्र वाचून वाईट वाटेल याचंच मला वाईट वाटतंय.

चांगला संवाद कसा असतो हे मला माहीत आहे कारण एकदा अनुभवलाय, इथेच, पहिल्या दोन वर्षांत. तेव्हाच्या मॅनेजर मॅडम मला घेऊन खाली बिल्डिंगच्या मागे चालायला गेल्या, लॅपटॉप वरच ठेवून. पाच वर्षांनी कुठे असशील हे विचारलंच नाही, ते कोणालाच सांगता येत नाही, माणूस पाठ केलेलं उत्तर देतो. त्यांनी विचारलं, गेल्या सहा महिन्यांत कुठल्या दिवशी घरी जाताना कामच डोक्यात होतं, पण वैतागून नाही, मजेत? मला लगेच आठवलं. एक तारीख होती, सगळ्यांचे पगार झालेले, क्लायंटचं पेमेंट पेज झोपलं, सगळे कोडमध्ये चूक शोधत होते आणि मी नुसता लोड वाढवत वाढवत बघत गेले तर डेटाबेसची कनेक्शनच पुरत नव्हती, एका वेळी किती कनेक्शन द्यायची त्याची मर्यादा कमी ठेवलेली. त्या रात्री मी ट्रेनमध्ये उभ्या उभ्या कागदावर आकडे मांडत होते. मॅडम म्हणाल्या, मग तुझी वाट ती आहे, तुझं तुलाच कळलं नव्हतं इतकंच. मग त्यांनी तोंडावर हेही सांगितलं की तुझे मेल फार लांब असतात, लोक अर्ध्यात सोडतात, ते सुधार नाहीतर वर कोणी तुझं ऐकणार नाही. (हे पत्र बघून त्या हसतील.) आणि हेही की या वर्षी परफॉर्मन्सच्या टीममध्ये जागा नाही, खोटी आशा दाखवणार नाही, पण आठवड्यातले तीन तास तू त्यांच्याबरोबर बस, मी प्लॅनमध्ये धरते. डायरीत तीन ओळी लिहिल्या, मी काय करायचं, त्यांनी काय करायचं, परत कधी बोलायचं. दीड महिन्याने डायरी उघडून विचारलं. जेमीटर हे लोड तपासायचं टूल मी आठवड्याच्या त्या तीन तासांत शिकले. मग मॅडम कंपनी सोडून गेल्या, आणि त्या तीन ओळीही त्यांच्याबरोबर गेल्या, नव्या मॅनेजरला कोणी काही सांगितलं नाही. तीही एक तक्रार धरा, सहावी.

गुगलने २००८-०९ च्या सुमारास आपल्याच मॅनेजर लोकांचा अभ्यास केला होता, प्रोजेक्ट ऑक्सिजन नाव, त्यात चांगल्या मॅनेजरच्या आठ सवयी निघाल्या. माणसांच्या करिअरला हातभार लावणं त्यात होतं, आणि टेक्निकल ज्ञान त्या यादीत शेवटी होतं. इंजिनियरांच्या कंपनीत! आपण मॅनेजर निवडताना यादी बरोबर उलटी धरतो.

तर आता मागण्या, साध्या आहेत.

ते ऑटो-क्लोज आजच बंद करा आणि यंदा ज्यांचं उत्तर सिस्टीमने भरलंय त्यांची नोंद काढून टाका, किती जण आहेत तो आकडाही सांगा, फुगे न लावता. वर्षातून दोनदा प्रत्येकाला ४५ मिनिटं द्या, अप्रेझलच्या महिन्यांपासून लांब, समोरासमोर किंवा निदान कॅमेरा चालू ठेवून, आणि त्यासाठी टाइमशीटला कोड द्या. एका मॅनेजरकडे दहाच्या वर माणसं देऊ नका, द्यावीच लागली तर त्याची डिलिव्हरी तेवढी कमी करा. आयजेपीत निवड झाली की ६० दिवसांत रिलीज, कोणाच्याही सहीशिवाय, आणि त्या मॅनेजरला बदली माणूस मिळवून द्यायची जबाबदारी प्रोजेक्टना माणसं पुरवणाऱ्या रिसोर्सिंग टीमची, त्याची एकट्याची नाही. जे ठरलं ते तीन ओळींत लिहून दोघांकडे राहू दे, मॅनेजर बदलला तर नव्या मॅनेजरने पहिल्या आठवड्यात ते वाचायचं. जागा नसेल तर नाही म्हणा, स्पष्ट, आम्ही मोठे झालोय, नाही पचतं आम्हाला. न पचणारी गोष्ट म्हणजे पेपर टाकल्यावर दुसऱ्याच दिवशी तीच जागा, तोच बँड आणि वर ३० टक्के पगारवाढ घेऊन, थांब म्हणत काउंटर ऑफरला येणं.

आणि पुढच्या वर्षी मेल पाठवाल तेव्हा किती संवाद 'पूर्ण' झाले ते नका सांगू. सहा महिन्यांपूर्वी जे ठरलं होतं त्यातलं किती झालं, तेवढं सांगा. २० टक्के असलं तरी चालेल.

माझ्या बाजूने मी सुरुवात केलीये. सात जणांपैकी चौघांशी बोलून झालंय, तलावपाळीला नेलं नाही पण खालच्या कट्ट्यावर बसून, पाऊण-पाऊण तास. एकीला टेस्टिंगच सोडायचंय, तिला बिझनेस ॲनालिसिसकडे जायचंय, तीन वर्षं शेजारी बसते माझ्या. एकाने सांगितलं की त्याला काही नको, फक्त शुक्रवारी सहाला निघू द्या, उल्हासनगरला त्याचा तबल्याचा क्लास आहे, तो शिकवतो. ते मी तिथल्या तिथे करून टाकलं. पोर्टलवर मात्र या चौघांचंही 'समाधानी' असंच दिसतंय, फॉर्म उघडत नाही, बंद झालाय.

माझ्या मॅनेजरना पुढच्या गुरुवारी दुपारी चारची मीटिंग रिक्वेस्ट टाकलीये, ४५ मिनिटांची, विषय फक्त 'बोलायचंय' असा. अजून ॲक्सेप्ट झालेली नाही. मी रूम बुक करून ठेवलीये.

तुमचीच,
चौथ्या मजल्यावरची एक टेस्ट लीड, ऐरोली